दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर वीकेंड ट्रिप : राहायचं कुठे, करायचं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाऊस संपत आला की ओळखीपाळखीच्या लोकांचे मेसेज सुरू होतात, "कोकणात दोन दिवस जायचंय, चांगली जागा सांग ना." आणि मग तेच तेच प्रश्न, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. हे फक्त रायगडच्या दक्षिण टोकाच्या या तीन गावांपुरतं आणि आजूबाजूच्या थोड्या जागांपुरतं आहे. अलिबाग, दापोली, गुहागर हे वेगळे विषय.

दोन दिवसांत तिन्ही गावं होतात का?

होतात, पण मुक्काम एकाच गावात करा. शनिवारी दिवेआगर, रविवारी हरिहरेश्वर असं दोन ठिकाणी राहायचं ठरवलं तर बॅगा भरण्यात आणि उपसण्यातच वेळ जातो, कारण बऱ्याच घरांमध्ये चेकआउट सकाळी नऊ-दहाला असतं आणि पुढच्या गावातली रूम दुपारी बारापर्यंत रिकामी झालेली नसते, मग मधले दोन तास सगळी पोरंबाळं आणि सामान गाडीत. दिवेआगर ते श्रीवर्धन अर्धा-पाऊण तास आणि तिथून हरिहरेश्वर साधारण २० किलोमीटर, त्यामुळे एका जागी राहून बाकीची दोन आरामात बघता येतात. शुक्रवारी रात्रीच पोचता आलं तर उत्तम, म्हणजे शनिवारची सकाळ आख्खी मिळते.

मग मुक्कामाला कुठलं गाव?

लहान मुलं असतील, नुसतं समुद्र आणि वाडी (नारळ-सुपारीची बाग) एवढंच हवं असेल तर दिवेआगर. बीच लांबलचक, सपाट, मधे सुरूचं बन. आईबाबा बरोबर असतील, देवदर्शन मुख्य असेल तर हरिहरेश्वर, तिथे एमटीडीसीचं रिसॉर्टही आहे आणि त्याचं बुकिंग त्यांच्या वेबसाइटवरून होतं. एसटीने येणार असाल, किंवा बाजारपेठ, मेडिकल, डॉक्टर जवळ हवेत असं वाटत असेल तर श्रीवर्धन, कारण ते तालुक्याचं गाव आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर दिवेआगर, आणि तेही गावातल्या वाडीत, बीचवरच्या रिसॉर्टमध्ये नाही.

वाडीत राहायचं म्हणजे नक्की कसं असतं?

गावात पाटी दिसते बघा, "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय". पुढे मालकांचं घर, ओटी, पडवी, आणि मागे नारळ-पोफळीच्या वाडीत चार-सहा खोल्या काढलेल्या. जेवण घरातल्याच बायका करतात, तुम्ही जे सांगाल ते आधी ठरवून. सकाळी वाडीला पाणी सोडलेलं असतं, त्याचा आवाज येत असतो, ओली माती, पक्षी, आणि समुद्र पाच-दहा मिनिटं चालत. हॉटेलसारखी रूम सर्व्हिस नसते, रात्री अकराला चहा मिळणार नाही, पण सकाळी सहाला मिळतो!

आणि वाडीतच राहा असं मी का म्हणते तेही सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली नावाजलेली सुपारी, तिच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, माड मोडले, घरांचे पत्रे कौलं उडाली. पोफळ आज लावली की उद्या सुपारी देत नाही, कित्येक वर्षं थांबावं लागतं, आणि तेवढी वर्षं या घरांना खोल्यांच्या भाड्याचा आणि जेवणाच्या ताटांचा फार मोठा आधार झाला. तुम्ही वाडीत राहिलात की पैसे थेट त्या घरात जातात, आणि ती वाडी राखायला त्यांना बळ मिळतं. वाडी तोडून तिथे बिल्डिंग बांधण्यापेक्षा वाडी ठेवूनच चार पैसे मिळतायत हे त्यांना दिसलं पाहिजे.

अशी जागा शोधायची कशी? ॲपवर तर मोठी रिसॉर्टच दिसतात

कारण बरीच छोटी घरं बुकिंग ॲपवर नसतातच. गुगल मॅप उघडा, गावावर झूम करा, आणि "होमस्टे", "कॉटेज", "निवास" असं सर्च करा, मराठीत पण टाकून बघा, वेगळी नावं येतात. मग रिव्ह्यू लावताना सगळ्यात नवीन आधी असं लावा. तीन वर्षांपूर्वीच्या पाच स्टारचा उपयोग नाही, मधे मालकी बदललेली असते किंवा चालवायला दुसऱ्याला दिलेलं असतं. मालकाने टाकलेले फोटो बाजूला ठेवा, पाहुण्यांनी काढलेले बघा, त्यात बाथरूम दिसतं, गाद्या दिसतात. रिव्ह्यूमध्ये पाणी, लाइट, डास, आवाज हे शब्द शोधा. "सी फेसिंग" लिहिलं असेल तर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघाच, समुद्र आणि खोली यांच्यात कधी कधी दोन वाड्या आणि एक रस्ता असतो.

त्यानंतर फोन करा. मेसेजवर उत्तराची वाट बघत बसू नका. फोन सकाळी दहा-अकराला किंवा दुपारी चार-पाचला करा, कारण जेवणाच्या वेळेला त्या माणसांना खरंच बोलायला फुरसत नसते, पंगत बसलेली असते, आणि घाईत झालेल्या बोलण्यातून पुढे गैरसमज होतात.

फोनवर काय काय विचारून घ्यावं?

सगळ्यात पहिलं, रेट माणशी आहे की रूमचा, आणि त्यात जेवण धरलंय का. इथे दोन्ही पद्धती चालतात आणि भांडणं इथूनच सुरू होतात. माणशी पॅकेज असेल तर त्यात सहसा चहा, नाश्ता आणि दोन जेवणं येतात, पण मासे वेगळे धरलेत का ते विचारा, सुरमई-पापलेटचं ताट बऱ्याच ठिकाणी वेगळं लावतात. मुलांचं कितव्या वर्षापासून अर्धं आणि कितव्यापासून पूर्ण धरतात तेही विचारा.

मग खोलीबद्दल. बाथरूम आत आहे का, कमोड आहे का, गरम पाणी कधी येतं (सोलर असेल तर पहाटे आंघोळीला मिळेलच असं नाही). लाइट गेली तर काय? हा कोकणातला महत्त्वाचा प्रश्न आहे. इन्व्हर्टर असतो, पण इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही, त्यामुळे मे महिन्यात जाणार असाल तर जनरेटर आहे का असं स्पष्ट विचारा. गाडी आत लागते का. समुद्र चालत किती. आणि एक प्रश्न जो कोणी विचारत नाही, त्याच दिवशी दुसरा मोठा ग्रुप आहे का? वीस जणांचा ग्रुप शेजारी असेल तर तुमची शांतता गेलीच. मालक खरं सांगतात, विचारलं तर.

ॲडव्हान्स द्यावा का? फ्रॉडची भीती वाटते

ॲडव्हान्स मागणं चूक नाही, लोक बुकिंग करून येतच नाहीत आणि त्यांची ऐन सीझनची खोली रिकामी राहते. पण पूर्ण रक्कम आधी देऊ नका. दुसऱ्याच्या प्रॉपर्टीचे फोटो लावून खोटं पेज बनवायचं आणि युपीआयवर पैसे घ्यायचे हे प्रकार होत असतात. गुगल मॅपवरचा नंबर आणि पेजवरचा नंबर एकच आहे का बघा, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून आत्ता खोली दाखवा म्हणा, ज्याची खरंच खोली आहे तो दोन मिनिटांत चालत जाऊन दाखवतो. "आत्ताच्या आत्ता पैसे टाका नाहीतर जाईल" असा तगादा असेल तर सोडून द्या. आणि ठरलेलं सगळं, तारीख, माणसं, रेट, जेवण, कॅन्सल केलं तर किती परत, एका मेसेजमध्ये लिहून त्यांचं "ओके" घेऊन ठेवा.

लाँग वीकेंडला काही मिळतच नाही, काय करावं?

२६ जानेवारी, होळी, १ मे, दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते नवीन वर्ष, या दिवसांत रेट चढतात आणि एका रात्रीचं बुकिंग घ्यायला बरेच जण नाही म्हणतात. जमत असेल तर रविवार-सोमवार करा. तोच समुद्र, तेच जेवण, रेट कमी, आणि बीचवर माणसं मोजकी.

लग्न न झालेल्या कपलला खोली मिळते का?

कायद्याने बंदी नाही, पण घर कोणाचं तरी राहतं घर असतं आणि काही जण नाही म्हणतात. फोनवरच विचारा, दारात जाऊन अवघड व्हायला नको. आधारकार्ड दोघांचं लागतं, ते तर सगळ्यांनाच लागतं.

कुत्रा घेऊन जाता येतो का?

काही ठिकाणी हो. त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे का, मोकळा असतो का, ते आधी विचारा.

पुण्याहून आणि मुंबईहून रस्ता कुठला?

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. साधारण १६० किलोमीटर, चार-साडेचार तास धरा. पौडलाच टाकी फुल्ल करून घ्या. पावसात ताम्हिणी फार सुंदर असतो पण धुकं आणि दरडी दोन्ही असतात, कधी कधी वाहतूक बंदही करतात, तेव्हा निघायच्या आधी बातम्या बघा आणि रात्री घाट उतरू नका.

मुंबईहून पनवेल, पेण, माणगाव असं हायवेने, पाच ते सहा तास, ट्रॅफिकवर अवलंबून. घाई नसेल तर दुसरा रस्ता घ्या, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला या आणि तिथून जंगलजेटीत (गाड्या नेणारी बोट) गाडी घालून दिघीला उतरा, पुढे दिवेआगर जवळच आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी घेऊन जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे, ती धरली तर पेण-वडखळचं सगळं टळतं. मांडवा, मुरूड, जंगलजेटी, दिघी, हा प्रवासच निम्मी ट्रिप आहे, मुलांना तर बोटीत गाडी चढताना बघायलाच मजा येते. फक्त शेवटची फेरी कितीला आहे ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

गाडी नाही आमच्याकडे

काही अडत नाही. मुंबई, पनवेल, पुण्याहून श्रीवर्धनला एसटी आहे. रेल्वेने माणगावला उतरून (दिवा-सावंतवाडी गाडी थांबते) तिथून म्हसळामार्गे श्रीवर्धनची एसटी पकडता येते. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्या आजी-आजोबांना फुकट, त्यामुळे कुटुंबाचा खर्च खूप खाली येतो. गावात फिरायला रिक्षा, विक्रम (मोठ्या रिक्षा) मिळतात, मालकांना सांगितलं की ते बोलावून देतात. एसटीने जाणार असाल तर मुक्काम श्रीवर्धनलाच करा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. मार्चमध्ये दुपार तापते पण वेळासची कासवं असतात (खाली लिहिलंय). एप्रिल-मे मध्ये आंबे, फणस, करवंदं, जांभळं, पण घामाने भिजायची तयारी ठेवा. पावसाळ्यात गर्दी नाही, रेट कमी, हिरवंगार, पण समुद्रात उतरायचं नाही, जंजिऱ्याच्या होड्या बंद, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवून जाऊ नका, खाडीतले आणि गोड्या पाण्यातले मासे, सुकट-बोंबील यांच्यावर समाधान माना. तेही चवीला कमी नसतात.

भरती-ओहोटी कशी कळणार? आणि त्याने काय फरक पडतो?

सगळा फरक पडतो. या किनाऱ्यावर दिवसाचं वेळापत्रक हॉटेलच्या चेकइनवर नाही, पाण्यावर लावायचं.

जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण घरातल्या कॅलेंडरवर बघून ट्रिपची तारीख ठरवता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. नक्की वेळ हवी असेल तर मोबाइलवर टाइड टेबल मिळतं, नाहीतर मालकांना विचारा, कोळीवाड्यातल्या कोणालाही तोंडपाठ असतं.

हे कळलं की बाकीचं आपोआप बसतं. पाणी उतरताना बीचवर चालायला जा, शंख-शिंपले, खेकड्यांनी काढलेली वाळूच्या गोळ्यांची नक्षी, सगळं तेव्हाच दिसतं.

पोहायला सेफ आहे का?

गुडघाभर पाण्यात खेळा. दिवेआगर त्यातल्या त्यात बरं, हरिहरेश्वरला खडक आणि ओढ आहे, तिथे उतरूच नका. पाणी उतरत असताना, म्हणजे ओहोटी लागलेली असताना, आत जाणं सगळ्यात धोक्याचं, पाण्याचा ओढा आतल्या बाजूला असतो. दारू पिऊन कोणीही पाण्यात जायचं नाही, हे ग्रुपमध्ये आधीच ठरवा. आणि गाडी वाळूवर घालू नका, दर वीकेंडला कोणाची तरी रुतते आणि भरती येते, शिवाय तिथे चालणारी लहान मुलं असतात.

दिवेआगरला समुद्र सोडून काय आहे?

सुवर्णगणेश. १९९७ साली एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि हे गाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, राखणदारांचा जीव गेला, मुखवटा चोरीला गेला. त्यानंतर गावाचं पर्यटनच बसलं होतं. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये परत प्रतिष्ठापना झाली. दर्शन घेताना हा सगळा इतिहास माहीत असला की गावातल्या माणसांचा त्या देवळावर एवढा जीव का आहे ते समजतं.

रूपनारायणाचं देऊळ चुकवू नका, जवळच आहे आणि मूर्ती अतिशय देखणी आहे, विष्णूच्या मूर्तीभोवती दशावतार कोरलेत. गर्दी नसते, शांत बसता येतं. बाकी सायकल मिळाली तर गावातल्या पाखाड्यांमधून (वाड्यांमधल्या अरुंद वाटांमधून) फिरा, मालकांना म्हणा वाडी दाखवा, पोफळीवर चढून सुपारी कशी उतरवतात ते सीझनमध्ये बघायला मिळतं.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतल्या रस्त्याने जाऊ नका, शेखाडीवरून जाणारा समुद्राच्या कडेचा रस्ता घ्या. सूर्यास्ताच्या आधी तासभर निघा. थांबायच्या जागा तुमच्या तुम्हाला सापडतील.

श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर?

श्रीवर्धन हे पहिले पेशवे (भट घराण्यातले) बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. त्यांचं स्मारक आहे, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, आणि संध्याकाळी बीचवर बसायला छान केलंय. दोन तास पुरतात.

हरिहरेश्वरला जास्त वेळ ठेवा. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. नंतर प्रदक्षिणा, डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवर येता आणि लाटांच्या कडेने डोंगराला वळसा घालून परत गावात. वाऱ्याने आणि लाटांनी खडकाला जाळी पडलीय, ती बघत चालायचं. पण ही वाट फक्त ओहोटीला. भरतीला इथे माणसं वाहून गेलेली आहेत, त्यामुळे गावकरी नको म्हणाले तर वाद न घालता मागे फिरा. पावसाळ्यात अजिबात नाही. चपला चांगल्या ग्रिपच्या घाला, खडक शेवाळलेला असतो.

वेळासची कासवं त्याच ट्रिपमध्ये होतात का?

होतात, आणि मार्चमध्ये जाणार असाल तर कराच. हरिहरेश्वरच्या पलीकडे बागमांडल्याहून जंगलजेटीने वेश्वीला उतरायचं, बाणकोट करून वेळास. हे नाना फडणवीसांचंही गाव. ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात, ती जाळीच्या कुंपणात सांभाळतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि गावाने ते उचलून धरलं, आज गावातली घरंच पाहुण्यांना ठेवतात.

पण ऐका, पिल्लं दिसतीलच अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. अंडी उबायच्या तारखेवर सगळं असतं. म्हणून एक रात्र वेळासलाच राहा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ दोन संधी मिळतात. फ्लॅश नाही, हात लावायचा नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही. मुलांना हे घरूनच समजावून आणा.

जंजिरा जोडावा का?

मुंबईहून मुरूडमार्गे येत असाल तर हो, वाटेतच आहे. राजपुरीहून शिडाची होडी मिळते, किल्ल्यावर वेळ मोजकाच देतात. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना, पोर्तुगीजांना, इंग्रजांना कोणालाच घेता आला नाही, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. सकाळी लवकर पोचा, सुट्टीच्या दिवशी अकरानंतर रांग वाढत जाते. पुण्याहून येणाऱ्यांनी एका वीकेंडमध्ये हे कोंबू नये, पळापळ होते.

जेवणाचं काय? आमच्यात निम्मे व्हेज

निम्मे व्हेज असणं इथे अडचण नाहीच. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, घावन, आंबोळ्या, सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. काही घरं पूर्ण शाकाहारी आहेत आणि तिथे अंडंसुद्धा आणून खाऊ नये अशी त्यांची इच्छा असते, बुकिंगच्या वेळीच विचारा. मासे हवे असतील तर कुठले हवेत असं आधी न ठरवता "आज काय आलंय?" असं विचारा, जे ताजं आलंय तेच खा. जानेवारीच्या आसपास जाणार असाल तर पोपटीबद्दल विचारा, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला घालून शेकोटीत भाजतात. रायगडातली थंडी म्हणजे पोपटी, ती हॉटेलच्या मेनूवर मिळत नाही, घरातच मिळते. जेवणाची ऑर्डर वेळेवर द्या आणि दिलेल्या वेळेला जेवायला या, तुमच्यासाठी माणसं चुलीपाशी थांबलेली असतात.

सत्तरीचे आईबाबा आहेत, झेपेल का?

झेपेल. तळमजल्याची खोली, कमोड, आणि अंगणापर्यंत गाडी जाते का एवढं बघा, वाड्यांच्या पाखाड्या अरुंद असतात. प्रदक्षिणा त्यांना नको, देवळात बसू दे.

कॅश लागते का?

युपीआय सगळीकडे चालतं पण रेंज जाते, दोन-तीन हजार जवळ असू द्या. जेटीवर, होडीला सुट्टे लागतात.

येताना काय आणावं?

कोकम, आगळ, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड. ज्या घरात राहिलात तिथेच आधी विचारा, बहुतेक घरी काही ना काही केलेलं असतं.

रविवारी परत किती वाजता निघायचं?

संध्याकाळचा सूर्यास्त शनिवारीच बघून घ्या. रविवारी चारनंतर निघालात तर माणगावच्या बाजारपेठेत सगळ्या कोकणातल्या गाड्या एकत्र येतात आणि तासभर तिथेच जातो. पुण्याला जायचं असेल तर दुपारी एकला जेवून लगेच निघा, म्हणजे ताम्हिणी उजेडात चढून होतो. मुंबईकरांनी एक तर सकाळी अकराला निघावं नाहीतर दिघीहून जेटी पकडून मुरूडवरून यावं, लांब पडतं पण गाडी हलत राहते.